पाहुणे पोलीस परत गेल्यावर चौकीत काय उरतं?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

युद्ध किंवा यादवी संपल्यावर गावोगावचं पोलीस दल पुन्हा कसं उभं राहतं आणि त्यात बाहेरचे देश काय मदत करतात, यावर मागच्या अंकात लेख होता. त्यावर सर्वांत जास्त पत्रं गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतून आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेते मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. त्याआधीच एटापल्ली आणि भामरागडच्या आतल्या भागात वांगेतुरी, गर्देवाडा, पेनगुंडा इथे नवी पोलीस मदत केंद्रं उभी राहिली होती. त्यामुळे लेखातले देश दूरचे असले, तरी पत्रांतले प्रश्न घरचे आहेत. निवडक पत्रांना उत्तरं देत आहोत; पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : संयुक्त राष्ट्रांचे पोलीस येतात म्हणजे नेमकं काय करतात? ते चोर पकडतात की नुसते निळी टोपी घालून फिरतात? आणि आमच्या जिल्ह्यात ते कधी येऊ शकतील का?
— निवृत्त शिक्षक, आरमोरी तालुका

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस हा राज्याचा विषय आहे. असं पथक कुठेही जातं ते त्या देशाच्या संमतीने किंवा सुरक्षा परिषदेच्या ठरावाने, आणि तेही बहुधा जिथे राज्ययंत्रणाच मोडून पडली आहे तिथे. इथे ठाणं आहे, न्यायालय आहे, पगार देणारी तिजोरी आहे.

आता ते काय करतात ते. हे प्रत्येक मोहिमेच्या अधिकारपत्रावर ठरतं, आणि तिथे फार मोठा फरक असतो. १९९९ नंतर कोसोवो आणि पूर्व तिमोरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पोलिसांना अटक, तपास, गस्त असे सगळे अधिकार होते. कायद्याने तेच तिथले पोलीस होते. बोस्नियात मात्र तिथलं युद्ध थांबवणाऱ्या १९९५ च्या डेटन करारानंतर गेलेलं आंतरराष्ट्रीय पोलीस दल निःशस्त्र होतं आणि त्याला कुणालाही अटक करता येत नव्हती. स्थानिक पोलिसांबरोबर फिरायचं, पाहायचं, नोंदवायचं, सल्ला द्यायचा, एवढंच काम. तिसरा प्रकार शेजारी देशांनी बोलावण्यावरून जाण्याचा. सॉलोमन बेटांवर जुलै २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने पॅसिफिकमधल्या देशांची मोहीम गेली, तिला तिथल्या संसदेने कायदा करून अधिकार दिले आणि ती जून २०१७ पर्यंत राहिली.

माणसंही दोन तऱ्हेची जातात. एकेकटे अधिकारी जातात, ते सल्ला देतात, शिकवतात, तपासात मदत करतात. दुसरी असते सुमारे १४० जणांची सज्ज तुकडी; तिची वाहनं, शस्त्रं, स्वयंपाकघर सगळं तिच्याबरोबर येतं आणि ती दंगल, बंदोबस्त, पहारा सांभाळते. तुकडीकडून शिकवण्याची आणि एकट्या सल्लागाराकडून दंगल आवरण्याची अपेक्षा ठेवली की मोहिमेचं गणित पहिल्याच महिन्यात चुकतं.

प्रश्न : लढाई संपली की जुन्या पोलिसांचं काय करायचं? ज्यांनी लोकांवर अन्याय केला त्यांनाच पुन्हा वर्दी दिली तर गाव कसं ऐकणार? आणि सगळ्यांना काढलं तर रात्री गस्त कोण घालणार?
— पोलीस पाटील, कुरखेडा तालुका

या सगळ्या विषयाचं मूळ तुम्ही धरलंत. दोन्ही टोकं वाईट. सगळे ठेवले तर जुनी दहशत नव्या बिल्ल्याने सुरू राहते, सगळे काढले तर हजारो शस्त्र चालवणारी, बेकार आणि रागावलेली माणसं रस्त्यावर येतात. म्हणून चाळणी लावतात. ती कशी लावतात ते पायऱ्यांनी सांगतो, कारण चुका पायऱ्या गाळल्यामुळेच होतात.

पहिली पायरी मोजणीची. ठरलेल्या दिवशी प्रत्येक माणसाने स्वतः हजर व्हायचं. फोटो, बोटांचे ठसे, शिक्षण, भरतीची तारीख, आजवर कुठे कुठे नेमणूक होती आणि हातातल्या शस्त्राचा क्रमांक, एवढं एका कागदावर आलं पाहिजे. ही यादी पगारपत्रकाशी ताडली की कागदावरचे पोलीस आणि जिवंत पोलीस यांतला फरक कळतो. बंदुकीचा क्रमांक न नोंदवता ओळखपत्र दिलं तर ती बंदूक पुढे बाजारात सापडते आणि कुणाची ते सांगता येत नाही.

दुसरी पायरी पार्श्वभूमीची. गुन्ह्यांच्या नोंदी, न्यायालयाची कागदपत्रं, पीडितांच्या तक्रारी. बोस्नियात आणखी एक गोष्ट तपासली गेली, ती आम्हाला सर्वांत शहाणपणाची वाटते : हा पोलीस राहतो ते घर कुणाचं? हाकलून दिलेल्या कुटुंबाच्या घरात पोलीसच राहत असेल, तर ते कुटुंब परत येऊन त्याच्याकडे तक्रार करणार कशी? घर रिकामं केल्याशिवाय प्रमाणपत्र नाही, असा नियम तिथे लावला गेला.

तिसरी पायरी तात्पुरत्या परवान्याची, चौथी कायम प्रमाणपत्राची. मधल्या काळात माणूस कामावर असतो आणि त्याचं काम पाहिलं जातं. हा काळ कुठे लिहून ठेवलेला नसला तर ‘तात्पुरता’ परवाना वर्षानुवर्षं चालतो.

पाचवी पायरी अपिलाची, आणि बोस्नियात ती नीट बांधलीच नाही. ज्यांचं प्रमाणपत्र नाकारलं त्यांना पोलीस सेवेची दारं कायमची बंद झाली आणि दाद मागायला स्वतंत्र जागा नव्हती. हे भिजत घोंगडं मोहीम संपल्यावरही राहिलं. अखेर २००७ मध्ये सुरक्षा परिषदेने त्यांना पुन्हा अर्ज करण्याची मुभा दिली. काढायचं असेल तर लेखी कारण द्या, ऐकून घ्या, मुदत द्या. दोषी माणसासाठी हे सौजन्य वाटेल, पण त्याशिवाय निर्दोषालाही वाचवता येत नाही.

नोंदीच जळून गेल्या असतील तर? लायबेरियात नव्या सैन्याच्या भरतीवेळी उमेदवारांचे फोटो लोकांपुढे ठेवून आक्षेप मागवले होते. गावाला सगळं माहीत असतं. पण फोटो लावलेल्या ठिकाणीच, सगळ्यांसमोर आक्षेप नोंदवायला लावला तर कुणी पुढे येत नाही. आक्षेपाची पेटी दुसऱ्या गावात, बाजाराच्या ठिकाणी ठेवावी लागते.

प्रश्न : शरण आलेल्यांना पोलिसात घ्यावं का? परदेशात तसं झालं आहे असं ऐकलं.
— ग्रामपंचायत सदस्य, धानोरा तालुका

झालं आहे, आणि चांगलं व वाईट दोन्ही झालं आहे. एल साल्वादोरमध्ये १९९२ च्या शांतता करारानंतर जुनं पोलीस दल मोडून नवं राष्ट्रीय नागरी पोलीस दल उभारलं. त्यात २० टक्के जुने पोलीस, २० टक्के माजी बंडखोर आणि ६० टक्के असे तरुण, ज्यांनी कोणत्याच बाजूने लढाई केली नव्हती. महत्त्व टक्क्यांपेक्षा पद्धतीला होतं. सगळ्यांना एकाच प्रबोधिनीतून, एकच प्रवेश परीक्षा देऊन जायचं होतं. बंडखोर आपल्या टोळीसकट आणि आपल्या नायकासकट दलात येणार नाही, एकटा येईल, ही अट होती. तिथे घसरलं ते दुसरीकडे : जुन्या व्यवस्थेतली गुन्हे तपासाची आणि अमली पदार्थविरोधी पथकं अख्खीच्या अख्खी नव्या दलात आली, चाळणी न लागता. नव्या दलाच्या बदनामीची सुरुवात बऱ्याच अंशी तिथून झाली.

आपल्या शेजारचं उदाहरण छत्तीसगडचं आहे, आणि गडचिरोलीच्या सीमेवरच्या गावांना ते सांगायला नको. स्थानिक आदिवासी तरुणांना ‘विशेष पोलीस अधिकारी’ म्हणून दरमहा ३,००० रुपये मानधनावर, पाचवी पास शिक्षणावर, दोन महिन्यांच्या प्रशिक्षणावर नक्षलविरोधी मोहिमांत उतरवलं होतं. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवलं. समतेचा आणि जगण्याचा हक्क, दोन्ही मोडले जातात असं न्यायालयाने म्हटलं.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. घ्यायचं तर पूर्ण पगारावर, पूर्ण प्रशिक्षणानंतर, एकेकट्याला, आणि त्याच्या स्वतःच्या गावापासून दूर. स्वस्तातला वाटाड्या म्हणून घ्यायचं असेल तर घेऊ नये. त्यात तो तरुणही मरतो आणि त्याचं गावही दोन्हीकडून भरडलं जातं.

प्रश्न : आपल्याकडे पोलीस शिपायाला साधारण नऊ महिन्यांचं मूलभूत प्रशिक्षण असतं. परदेशी मदतीतून काही आठवड्यांत पोलीस तयार केले जातात असं वाचलं. हे कसं शक्य आहे?
— पोलीस भरतीची तयारी करणारा, पुसद

शक्य नाही. अफगाणिस्तानात शिपायाचं मूलभूत प्रशिक्षण आठ आठवड्यांचं होतं. पुढे संख्या वाढवण्याच्या घाईत ते सहा आठवड्यांवर आणलं. येणाऱ्यांत लिहिता-वाचता न येणारे खूप होते. आता विचार करा, ज्याला लिहिता येत नाही तो फिर्याद कशी नोंदवणार, गाडीचा क्रमांक कसा टिपणार, पंचनाम्यावर कुणाची सही आहे हे कसं पाहणार? सहा आठवड्यांत बंदूक साफ करणं आणि नाक्यावर उभं राहणं येतं. तो पहारेकरी होतो, पोलीस होत नाही. पुढे साक्षरतेचे वर्ग सुरू केले गेले, पण तोवर हजारो जण नाक्यांवर जाऊन बसले होते.

कोसोवोत वेगळं केलं गेलं आणि ते अभ्यासण्यासारखं आहे. वुश्त्री गावात १९९९ च्या सप्टेंबरमध्ये पोलीस शाळा सुरू झाली. ती चालवली युरोपमधल्या सुरक्षा व सहकार्य संघटनेने. वर्गातलं शिक्षण तिथेही सुरुवातीला थोडक्या आठवड्यांचं होतं, पण शिपाई शाळेतून बाहेर पडला की त्याच्यामागे क्षेत्र-प्रशिक्षक असे. एक नवा शिपाई, एक अनुभवी पोलीस, एक गाडी. रोजच्या कामानंतर ठरलेल्या नमुन्यावर शेरा : तक्रारदाराशी बोलला कसा, झडती नियमाने घेतली का, अहवाल वाचता येतो का. हे महिनोन्महिने. वर्गातलं अर्धं आठवड्यात विसरतं, अंगवळणी पडतं ते या फेऱ्यांत. ज्यांना मदतीचा पैसा कुठे घालावा असा प्रश्न आहे, त्यांनी वर्गखोल्यांपेक्षा क्षेत्र-प्रशिक्षकांवर घालावा.

दुसरी अडचण शिकवणाऱ्यांची. पूर्व तिमोरमध्ये डझनावारी देशांचे पोलीस शिकवायला होते. एकाच्या देशात संशयिताला अटक करण्याची रीत एक, दुसऱ्याच्या देशात दुसरी. शिकाऊ शिपायाचा मार्गदर्शक दर काही महिन्यांनी बदले आणि आधीच्याने शिकवलेलं नवा मोडून काढे. यावर उपाय साधा आहे, पण तो पहिल्या दिवशी करावा लागतो : मोहिमेने त्या देशाच्या कायद्यावर बेतलेली एकच खिशातली पुस्तिका करायची, आणि सर्व सल्लागारांनी तीच शिकवायची.

तिसरी अडचण भाषेची, आणि ती तर आपल्या ओळखीची आहे. तिमोरमध्ये कायदे पोर्तुगीजमध्ये, शिपाई बोलतात तेतुम, शाळा झालेली इंडोनेशियन भाषेत आणि सल्लागार बोलतो इंग्रजी. साक्षीचा एक जबाब चार भाषांतून फिरल्यावर त्यात मूळचं काय उरणार? भामरागडमध्ये माडिया बोलणारी बाई चौकीत येते, मराठीत लिहून घेतलं जातं, आणि तिला वाचून दाखवलं जातं तेही मराठीत. तेव्हा हेच घडतं. जबाब ज्या भाषेत दिला त्याच भाषेत वाचून दाखवायला माणूस हवा आणि त्याचं नाव जबाबाच्या खाली लिहिलेलं हवं.

प्रश्न : आमी टीवीवर पायतो, परदेशातून नव्या गाड्या येतात, बंदुका येतात, रेडिओ येतात. मंग दोन वर्षानं त्या गाड्या बंद पडून उभ्या राहतात. एवढा पैसा जाते कुठी?
— शेतकरी, घाटंजी तालुका

सगळा पैसा चोरीला जात नाही. पुष्कळसा चुकीच्या डब्यात पडतो. गाडी देणाऱ्याचा फोटो निघतो, डिझेल देणाऱ्याचा निघत नाही. हिशोब करून पाहू. समजा, एका चौकीला एक जीप आहे आणि ती दिवसाला ६० किलोमीटर फिरते. कच्च्या रस्त्याला लिटरमागे १० किलोमीटर धरले तर दिवसाला ६ लिटर, महिन्याला १८० लिटर. चौकीत वीज नाही म्हणून ५ केव्हीएचं जनरेटर दिलं. ते तासाला १ लिटर खातं असं धरू आणि रोज ८ तास चालतं असं धरू. महिन्याला २४० लिटर! म्हणजे जीपपेक्षा दिवाबत्तीच जास्त डिझेल पिते, आणि महिनाअखेरीस टाकी रिकामी झाली की आधी थांबते ती गस्त. अशा चौकीला वायरलेस आणि दिव्यांपुरते सौर पॅनल आणि बॅटऱ्या आधी द्याव्यात, जनरेटर नंतर. आणि बॅटऱ्या चार-पाच वर्षांनी बदलाव्या लागतात, तो खर्च पहिल्याच करारात धरावा.

गाड्यांचं म्हणाल तर तीन देशांनी तीन कंपन्यांच्या गाड्या दिल्या की गोदामात तीन प्रकारचे फिल्टर, तीन प्रकारच्या क्लचप्लेटा लागतात आणि तालुक्याच्या मिस्त्रीला त्यातली एकही ओळखीची नसते. त्या देशाच्या बाजारात ज्या गाडीचे भाग मिळतात तीच गाडी मागा, मग ती जुन्या धाटणीची का असेना. जिथे जंगलातली पायवाटच आहे तिथे मोटारसायकल जीपपेक्षा उपयोगी पडते.

पण सगळ्यांत मोठी गळती पगारात असते. अफगाण पोलिसांचे पगार देण्यासाठी २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत एक निधी उभारला, त्यात अनेक देशांनी पैसे घातले. पैसा राजधानीत पोचे, तिथून प्रांतात, तिथून वरिष्ठाच्या हातात, आणि शिपायाच्या हातात पडेपर्यंत प्रत्येक मुक्कामावर काहीतरी कमी होई. २००९ मध्ये वर्दक प्रांतात काही शिपायांना मोबाइलवरून थेट पगार देऊन पाहिला. पहिल्या महिन्यात काहींना वाटलं की पगारवाढ झाली. वाढ झालीच नव्हती, मधला वाटा थांबला होता. यादीतली खोटी नावंही त्यात उघडी पडली. शिपायाला घर चालवण्याइतका पगार वेळेवर मिळाला नाही तर तो नाक्यावर येणाऱ्या ट्रकवाल्याकडून घेतो. मग त्याला मानवी हक्कांचे कितीही तास शिकवा. म्हणून कोणताही मदतकरार हातात आला तर आम्ही तीन ओळी शोधतो : पगार कुणाच्या खात्यातून, शिपायाच्या हातात कसा, आणि मदत थांबल्यावर कोणत्या अर्थसंकल्पातून. या तीन ओळी नसतील तर बाकीची पानं वाचायची गरज नाही.

प्रश्न : लायबेरियात भारतातल्या महिला पोलीस गेल्या होत्या. त्याने तिथल्या बायकांना खरंच काही फरक पडला का?
— महिला बचत गटाच्या अध्यक्ष, देवरी तालुका

पडला. जानेवारी २००७ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाची शंभराहून जास्त महिलांची सज्ज तुकडी मोनरोव्हियात पोचली. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांत पूर्णपणे महिलांची अशी ही पहिलीच तुकडी. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचा पहारा, रात्रीची गस्त, जमाव आवरणं, ही सगळी कामं त्यांनी केली. वर्षा-वर्षाने नवी तुकडी जात राहिली आणि २०१६ मध्ये शेवटची परतली. या काळात लायबेरियाच्या पोलिसांत महिलांचं प्रमाण बरंच वाढून सुमारे १७ टक्क्यांवर गेलं. हे सगळं श्रेय एकट्या तुकडीचं नाही. भरतीची शिक्षणाची अट पूर्ण करणाऱ्या मुलीच मिळत नव्हत्या, म्हणून त्यांच्यासाठी माध्यमिक शिक्षण पूर्ण करून घेणारा वेगळा कार्यक्रम चालवला गेला. तो घाईचा होता आणि काही जणी कच्च्या राहिल्या, हेही खरं. पण बंदूक घेऊन रस्त्यावर उभी असलेली बाई रोज दिसणं, हे पोस्टर लावून होणाऱ्या कामापेक्षा वेगळं आहे.

अडतं कुठे, तर भरतीनंतर. चौकीत वेगळं शौचालय नसतं, झोपायला खोली नसते, गणवेश पुरुषी मापाचे, बाळंतपणानंतर परत आलं की नेमणूक तीनशे किलोमीटरवर. मग ती राहते ती टंकलेखनावर आणि पाहुण्यांना चहा देण्यावर. आपल्या राज्यात पोलीस भरतीत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे. त्याचंही मोल दुर्गम भागातल्या केंद्रात पाणी असलेली खोली आहे की नाही यावर ठरतं.

सिएरा लिओनचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथे ब्रिटिश मदतीने दल उभारताना २००१ पासून घरगुती आणि लैंगिक अत्याचारांसाठी ठाण्यांत कुटुंब साहाय्य कक्ष उघडले. बायका येऊ लागल्या. पण वैद्यकीय दाखल्यासाठी पैसे मोजावे लागत, सरकारी डॉक्टर लांब, आणि तेवढ्या काळात दोन्ही घरची माणसं बसून प्रकरण मिटवून टाकत. पोलीस तयार झाले, दवाखाना आणि न्यायालय मागे राहिलं. मदत एकट्या पोलिसांना दिली की असं होतं.

प्रश्न : बाहेरच्यांनी परत कधी जावं?
— पदव्युत्तर विद्यार्थिनी, गोंडपिपरी

तारीख पाहून नव्हे, पण तारखेशिवायही नव्हे. पूर्व तिमोरमध्ये पोलीस दल २००० मध्ये सुरू झालं आणि मे २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी पोलिसी अधिकार पूर्णपणे त्याच्या हाती दिले. ठरलेली संख्या भरली होती. दोन वर्षांत, मे २००६ मध्ये, राजधानी दिलीत सैन्य आणि पोलीस एकमेकांवर गोळ्या झाडत होते आणि शहरातली पोलिसांची कमान कोसळली होती. गृहमंत्र्यांनी नागरिकांना बंदुका वाटल्याचं निघालं, त्यांना शिक्षाही झाली. शिपाई शिकवले होते. मंत्रालय, शस्त्रागाराची नोंदवही, बढतीचे नियम हे कुणी शिकवलंच नव्हतं.

दुसऱ्या वेळी संयुक्त राष्ट्रांनी अधिकार जिल्हा-जिल्हा करत दिले. आधी लाउतेम जिल्हा, १४ मे २००९. तिथले किती जण तपासून प्रमाणित झाले, वाहनं आणि दळणवळण आहे का, हे पाहूनच अधिकार द्यायचे आणि सल्लागार मागे ठेवायचे. असे १३ जिल्हे करत २७ मार्च २०११ ला काम पूर्ण झालं. आमच्या मते हीच रीत बरी. जिथे तयारी आहे तिथून सुरुवात, आणि राजधानी शेवटी.

प्रश्न : माझी सून राज्य पोलिसात उपनिरीक्षक आहे, सहा वर्षं झाली. तिला अशा मोहिमेवर जायचं आहे. काय करावं लागेल?
— गृहिणी, वरोरा

अर्ज थेट न्यूयॉर्कला जात नाही. मोहिमेसाठी नावं मागवणारं परिपत्रक केंद्रीय गृहमंत्रालयाकडून राज्याच्या पोलीस मुख्यालयाकडे येतं, तिथून घटकप्रमुखांकडे. तिने आपल्या कार्यालयातल्या आस्थापना शाखेत विचारत राहावं, कारण मुदत थोडी असते. संयुक्त राष्ट्रांची अट प्रशिक्षण सोडून किमान पाच वर्षांच्या पोलीस सेवेची आहे; परिपत्रकातली अटही पाहून घ्यावी. चालू खातेनिहाय चौकशी नसावी. पुढे निवड चाचणी : मोहिमेच्या भाषेत, म्हणजे इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये, वाचन, ऐकणं, अहवाललेखन आणि मुलाखत, मग चारचाकी चालवणं, आणि सशस्त्र मोहीम असेल तर नेमबाजी.

बहुतेक जण इंग्रजी बोलण्याची तयारी करतात आणि अहवालात पडतात. बिनतारी संदेश ऐकून कोण, कुठे, केव्हा, किती, काय कारवाई केली, हे ठरल्या वेळेत लिहायचं असतं. रोज इंग्रजी बातम्या ऐकून दहा ओळींचा अहवाल हाताने लिहावा. दुसरी गफलत गाडीची. परवाना आहे, पण ठाण्यात गाडी चालक चालवतो, त्यामुळे सराव नसतो. मोठी फोर-व्हील जीप घेऊन खुणांच्या खांबांमधून मागे आणणं आणि अरुंद जागेत लावणं, याचा महिनाभर सराव करावा. नेमणूक साधारण एका वर्षाची असते. जम्मू-काश्मीर पोलिसांतल्या शक्ती देवी अफगाणिस्तानातल्या मोहिमेवर होत्या आणि २०१४ मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय महिला पोलीस शांतिरक्षक पुरस्कार मिळाला. त्याही राज्य पोलिसांतूनच गेल्या होत्या, हे सुनेला जरूर सांगा.

प्रश्न : आमच्याकडे तंटामुक्त गाव समिती आहे, ग्रामसभा आहे. परदेशात पोलीस आणि गाव यांना जोडणारं असं काही असतं का? आणि नवं मदत केंद्र उघडलं तर गावाने त्याच्याकडून काय मागावं?
— ग्रामसभेचा सदस्य, एटापल्ली तालुका

असतं. सिएरा लिओनमध्ये प्रत्येक भागात स्थानिक पोलीस भागीदारी मंडळं केली गेली : बाजारातल्या बायका, शिक्षक, गाडीवाले, तरुण आणि ठाण्याचा प्रमुख एकत्र बसणार. जिथे नियमित बसले तिथे चोरीची ठिकाणं, दारूचे अड्डे, शाळेच्या वाटेवरचा त्रास लवकर कळू लागला. दोन रोग सगळीकडे दिसतात. पहिला, खुर्च्या गावच्या बड्या माणसांनी भरतात. दुसरा, ठाण्याला डिझेल नसलं की मंडळालाच ‘थोडी मदत करा’ म्हणतात; ज्याने डिझेल भरलं त्याच्या शेताच्या वादात पोलीस मग कुणाच्या बाजूने उभे राहतील हे सांगायला नको. गावाने चौकीला पैसा, डिझेल, कोंबडी काहीही देऊ नये.

आपल्या तंटामुक्त मोहिमेची सुरुवात १५ ऑगस्ट २००७ ची, आणि बांधावरची, भावकीची भांडणं मिटवायला ती चांगली आहे. पण बलात्कार, खून, बालकांवरचे अत्याचार हे समितीत मिटवायचे विषय नाहीत.

आता मदत केंद्राकडून काय मागायचं. दाखले आणि योजनांची कामं गडचिरोली पोलिसांच्या ‘दादालोरा खिडकी’तून होतात, त्यांचा लाभ घ्यावाच. पण पोलिसाचं पहिलं काम तक्रार नोंदवणं आहे, आणि त्यासाठी कायदा तुमच्या हातात आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र (म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा) गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, घटना दुसऱ्या हद्दीत घडली असली तरी. तोंडी सांगितली तर ती लिहून घेऊन वाचून दाखवली पाहिजे. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून कळवली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. पहिल्या खबरीची (एफआयआरची) प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला मोफत मिळाली पाहिजे. ठाण्याने नोंदवून घ्यायला नकार दिला तर तीच माहिती लिहून टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी, आणि पोस्टाची पावती जपून ठेवावी. ग्रामसभेने एक वही ठेवावी : तारीख, कोण गेलं, कशासाठी, प्रत मिळाली की नाही. दर तीन महिन्यांनी ती वही घेऊन केंद्रप्रमुखासमोर बसावं, आणि बैठकीत माडिया बोलणारा माणूस दोन्ही बाजूंना असावा.